ड्रायव्हरच्या डोळ्याची उंची

मॉडेल रेल्वेकडे आपण नेहमी वरून पाहतो. कमरेइतके उंच टेबल, त्यावर डोंगर, बोगदे, स्टेशन, आणि पाहणारा काचेच्या अलीकडे उभा. त्याला डब्यांची छपरे दिसतात, पूल दिसतो, सगळा मार्ग एका नजरेत येतो. मी अशी मॉडेल्स करते. सुरुवात बिल्डरांसाठी इमारतींची मॉडेल्स करण्यापासून झाली, पुढे रेल्वे आली, पण नजर तीच राहिली. डोंगराचा उतार किती ठेवायचा, झाडी कुठे दाट करायची, कुठल्या भिंतीला रंगाचा दुसरा हात द्यायचा, हे सगळे मी उभी राहून, वरून बघून ठरवत आले. इंजिनात छोटा व्हिडिओ कॅमेरा बसवायचे काम हाती आले तेव्हा ती नजर रुळापासून ३४ मिलिमीटरवर आणावी लागली. मॉडेल नेमके कुणाच्या डोळ्यासाठी करायचे, हा प्रश्न त्या कामाने मला पहिल्यांदा नीट विचारायला लावला.

काम असे होते. शाळकरी मुलांसाठीच्या एका कायमस्वरूपी विज्ञान प्रदर्शनात भोर घाटाचा लेआउट करायचा होता. माप १:८७, म्हणजे मॉडेलवाले ज्याला एचओ म्हणतात ते. टेबल उंच आणि त्याला काच असल्यामुळे लहान मुलांना नीट दिसणार नाही, त्यांना कुणीतरी कडेवर घ्यावे लागेल, हे आराखड्यातच लक्षात आले होते. म्हणून खाली, मुलांच्या उंचीवर एक पडदा लावायचा, त्यावर इंजिनातून दिसणारे दृश्य दाखवायचे, आणि गाडीचा वेग कमीजास्त करायचे बटण मुलाच्या हातात द्यायचे, असे ठरले. गाडी दिवसभर चालणार, चित्र दिवसभर दिसायला हवे, आणि मधे कुणी बॅटरी बदलायला येणार नाही, ही अट होती.

पुणेकरांना मॉडेल रेल्वे नवी नाही. कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे आणि तिथली गाडी बघून भारावलेली मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत. गाडीच्या तोंडाशी कॅमेरा लावायची कल्पना तर सिनेमाइतकीच जुनी. १८९७ च्या सुमारास अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये खऱ्या इंजिनाच्या पुढे कॅमेरा बांधून चित्रपट काढले जात. न्यूयॉर्कजवळच्या हॅवरस्ट्रॉ बोगद्यातून जाणारा त्या वर्षीचा चित्रपट त्यातला गाजलेला. पडद्यावर इंजिन दिसत नसे, नुसते रूळ अंगावर येत. म्हणून या प्रकाराला फँटम राइड म्हणत. कॅन्सस सिटीच्या अग्निशमन दलाचे माजी प्रमुख जॉर्ज हेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेच्या डब्यासारखी खोलीच बांधली, प्रेक्षकांना त्यात बसवले आणि समोर असे चित्रपट दाखवले. आपल्या मापात बोलायचे तर हॅम्बुर्गचे मिनिआटुर वुंडरलँड. २००१ मध्ये सुरू झालेला हा प्रचंड लेआउटही १:८७ चाच. २०१६ च्या जानेवारीत तिथल्या चिमुकल्या रस्त्यांवरून आणि रुळांवरून बारके कॅमेरे फिरवून गूगलने त्याचा स्ट्रीट व्ह्यू तयार केला. ते व्हिडिओ आणि चित्रे मी कितीदा तरी पाहिली होती. पाहताना वाटायचे, कॅमेरा बसवणे ही शेवटच्या दिवसाची जोडणी असणार. प्रत्यक्षात त्या कॅमेऱ्याने आमच्या लेआउटचा प्रत्येक भाग पुन्हा तपासायला लावला.

पहिला प्रश्न जागेचा. रुळाच्या माथ्यापासून ड्रायव्हरचा डोळा साधारण तीन मीटरवर धरला, तर १:८७ मध्ये ती उंची ३४ मिलिमीटर येते. आम्ही इंजिन घेतले होते डब्ल्यूसीएएम-३. मुंबईच्या बाजूचा जुना डीसी प्रवाह आणि पुढचा एसी प्रवाह दोन्हींवर चालणारे, ‘भेल’ने मध्य रेल्वेसाठी केलेले हे इंजिन घाटात वर्षानुवर्षे राबले. आमच्या मॉडेलची बॉडी हातची आणि खालची चासी परदेशी. अशा चासीत मोटर मधोमध असते आणि दोन्ही बोगींवर गिअरचा उभा मनोरा असतो. नेमकी जिथे ड्रायव्हरची केबिन, तिथेच तो मनोरा वर येतो. कॅमेऱ्याची पाटी बोटाच्या पेराएवढी, पण तेवढीही जागा काचेमागे उरत नव्हती. पुढच्या बोगीचे गिअर काढले तर जागा होते, मात्र इंजिनाची ओढ निम्मी होते. आणि आमचा घाट चढणीचा.

भोर घाटाची चढण ३७ ला १ आहे. १८६३ मध्ये हा मार्ग खुला झाला तेव्हापासून तिथले सगळे वेळापत्रक, सगळी इंजिने, सगळी माणसे या एका आकड्याभोवती फिरत आली आहेत. पूर्वी खंडाळ्याजवळच्या रिव्हर्सिंग स्टेशनवर गाडीची दिशा उलटी करून पुढे चढावे लागे. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि ते स्टेशन संपले. चढण मात्र राहिली. म्हणून आजही कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने लागतात आणि ढकलत ढकलत गाडी वर नेतात. मॉडेलमध्येही ३७ ला १ म्हणजे शंभर सेंटीमीटरला २.७ सेंटीमीटर चढ, आणि हलक्या मॉडेल इंजिनाला तो खरोखर जड जातो. मग आम्ही केबिनवाले इंजिन बिनमोटरचेच करायचे ठरवले. त्याच्या पोटात कॅमेरा, ट्रान्समीटर, वीज घेण्याची जोडणी आणि शिशाचे वजन. ओढायला दुसरे इंजिन.

खऱ्या घाटासारखे ते दुसरे इंजिन आधी मागे लावून पाहिले. सरळ मार्गावर छान चालले. वळणावर मधले हलके डबे दाबले जाऊन रुळावरून बाहेर पडायचे. खऱ्या गाडीत प्रत्येक डबा कित्येक टनांचा असतो, तो जागा सोडत नाही. प्लास्टिकच्या डब्याला तेवढा धीर नसतो. अमेरिकेतल्या मॉडेलवाल्यांच्या संघटनेने यासाठी एक ठोकताळा दिलेला आहे: एचओ मापात प्रत्येक डब्याला २८ ग्रॅम, आणि लांबीच्या दर इंचाला आणखी १४ ग्रॅम. त्या हिशेबाने सगळ्या डब्यांच्या तळाशी लोखंडी पट्ट्या चिकटवल्या, आणि मोटरवाले इंजिन कॅमेऱ्याच्या इंजिनामागे लगेच जोडले. आता ढकलायचे फक्त एक वाहन, बाकी सगळी गाडी ओढायची. दुहेरी इंजिनाची गाडी घाटात दिसतेच, त्यामुळे ते खोटेही वाटत नव्हते. एक अनपेक्षित फायदाही झाला. मोटर आणि गिअर दुसऱ्या वाहनात गेल्यामुळे कॅमेऱ्याला बसणारा थरकाप एकदम कमी झाला. या छोट्या कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो. चित्राची वरची ओळ वाचून खालच्या ओळीपर्यंत येईतो कॅमेरा हलला की सिग्नलचा खांब वाकडा दिसतो आणि सगळे दृश्य लडबडते. कॅमेरावाले याला जेली म्हणतात. ती जेली निम्म्याहून अधिक तिथेच गेली.

मग वीज. माझा सहकारी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. आमचे रूळ डीसीसी पद्धतीचे, म्हणजे रुळात कायम सुमारे १५ व्होल्टचा उलटसुलट होणारा प्रवाह आणि त्यातूनच इंजिनाला आज्ञा. गाडी उभी असली तरी वीज असते, ही या पद्धतीची कॅमेऱ्यासाठी मोठी सोय. चाकांना टेकलेल्या फॉस्फर ब्राँझच्या बारीक पट्ट्यांनी ती वीज उचलायची, ब्रिज रेक्टिफायरने एकाच दिशेची करायची, छोट्या कन्व्हर्टरने पाच व्होल्टवर आणायची आणि कॅमेऱ्याला द्यायची. कागदावर एवढेच. पण रुळावर धूळ असते, चाकाला काजळी धरते, सांध्यावर आणि फाट्यावर क्षणभर वीज तुटते. मोटरला तो क्षण जाणवतही नाही, तिचा वेग तिला पुढे नेतो. कॅमेरा मात्र त्या क्षणी बंद पडतो आणि पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो. पडद्यावर बोगद्याच्या तोंडाशी आलेली गाडी अंधारात जायची आणि चित्र परत यायचे ते थेट पुलावर.

उपाय दोन सुपरकपॅसिटरचा. प्रत्येकी १ फॅरड, २.७ व्होल्टचे. ओळीने जोडले की पाच व्होल्ट पेलतात आणि मिळून अर्धा फॅरड देतात. आमचा कॅमेरा आणि ट्रान्समीटर मिळून ०.३ अँपिअरच्या आसपास घेत होते. पाचाचे चार व्होल्ट होईपर्यंत कॅमेरा तग धरतो, म्हणजे दीड सेकंदाहून थोडा जास्त वेळ हाती येतो. घाणेरड्या सांध्यावरून जायला एवढा वेळ भरपूर. फक्त रिकामे कपॅसिटर सुरुवातीला एकदम वीज ओढतात आणि रुळाला वीज देणाऱ्या डीसीसीच्या बूस्टरला ते शॉर्ट सर्किट वाटते, म्हणून भरण्याच्या वाटेवर रेझिस्टर आणि रिकामे होण्याच्या वाटेवर डायोड घातला. हे सगळे इंजिनाच्या पोटात, शिशाच्या दोन वड्यांच्या मधे बसवले. त्यानंतर रूळ पुसायचे काम संपले असे नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा आठवड्याला फिरवावाच लागतो. पण चित्र तुटणे थांबले.

वायफाय कॅमेरा का नाही, असे आम्हाला सुरुवातीलाच विचारले गेले होते. त्यात चित्र स्वच्छ येते, पण उशिरा येते. बटण मुलाच्या हातात होते. त्याला स्टेशनात गाडी थांबवायची आहे आणि पडद्यावर दिसते आहे ते अर्ध्या सेकंदापूर्वीचे, तर गाडी दर वेळी फलाट ओलांडून जाणार आणि चूक आपली असे त्या मुलाला वाटणार. म्हणून ड्रोनवाले वापरतात तो ५.८ गिगाहर्ट्झचा जुन्या धाटणीचा ॲनालॉग ट्रान्समीटर घेतला. चित्र थोडे भुरकट, पण हात आणि डोळा यांच्यात अंतर पडत नाही.

या लहरींनी बोगद्यात मात्र दगा दिला. आमचे डोंगर चिकन मेशच्या जाळीवर प्लास्टर लावून केलेले. ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम ५ सेंटीमीटर, आणि जाळीचे भोक दीडेक सेंटीमीटरचे. त्या जाळीतून ती लहर नीट बाहेर पडतच नाही. डोंगर म्हणजे एक धातूचा पिंजराच झाला होता. गाडी बोगद्यात शिरली की पडद्यावर नुसती मुंग्यांची गर्दी. मुंबई–पुणे प्रवासात खंडाळ्याच्या बोगद्यात फोन बंद पडतो हे आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडले आहे, पण मुलांसाठी बोगदा हाच तर प्रवासाचा खरा भाग. शेवटी एक रिसीव्हर डोंगराच्या पोटातच बसवला, एक बाहेर, आणि ज्याचे चित्र चांगले ते पडद्यावर जाईल अशी जोडणी केली.

भिंगाचे काम मी स्वतः केले, कारण तिथे इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा हाताचा अंदाज लागतो. हे कॅमेरे उडणाऱ्या ड्रोनसाठी केलेले असल्यामुळे त्यांचे भिंग लांबचे बघायला लावून, गोंदाच्या थेंबाने पक्के केलेले असते. आमच्या जगात लांब म्हणजे दोन मीटर. तो गोंद ब्लेडच्या टोकाने हळूच सोडवला. इंजिनाच्या नाकापासून ४० सेंटीमीटरवर, मापात सुमारे ३५ मीटरवर, एक सिग्नल उभा केला आणि चिमट्याने भिंग केसभर फिरवत पडद्याकडे बघत बसले. आधी सिग्नलची शिडी ही एक करडी पट्टी होती. मग तिच्यात पायऱ्या सुटल्या. मग एका पायरीवर राहिलेला सोल्डरचा दाणा दिसला. तिथे थांबले आणि नेलपॉलिशचा ठिपका देऊन भिंग पक्के केले. मागचा डोंगर त्यामुळे किंचित धूसर झाला, आणि ते बरेच झाले. सह्याद्रीत लांबचा डोंगर धूसरच असतो.

मग पहिली पूर्ण फेरी पडद्यावर पाहिली. जे वरून बघून मला पूर्ण झालेले वाटत होते, ते त्या उंचीवरून कितीतरी अपुरे होते.

बोगद्याच्या आत भिंतच नव्हती. तोंडाची दगडी कमान मी मन लावून केली होती, एकेक चिरा कोरला होता. कमानीतून आत गेले की प्लायवूडची फळी, जाळीची टोके आणि लोंबणाऱ्या वायरी. बाहेर उभ्या माणसाला यातले काहीच दिसत नाही, म्हणून ते कुणी करत नाही. रुळाच्या दोन तुकड्यांत अर्ध्या मिलिमीटरची पायरी राहिली होती, बोटालाही लागत नव्हती. १:८७ मध्ये ती चार सेंटीमीटरहून जास्त होते, आणि खऱ्या रुळावर एवढी पायरी म्हणजे अपघात. कॅमेरा तिथे उडी मारायचा. वळणांचेही तसेच. आपल्या ब्रॉडगेजवर जास्तीत जास्त १० अंशांचे वळण चालते, त्याची त्रिज्या १७५ मीटर. मापात ती दोन मीटर होते. आमच्या टेबलावरचे वळण ७५ सेंटीमीटर त्रिज्येचे. वरून पाहताना ते डौलदार दिसते. केबिनमधून पाहताना समोरचा डोंगर गरकन बाजूला सरकतो आणि गाडी कोपऱ्यात घुसल्यासारखी वाटते.

सर्वांत खटकले ते रुळाचे अंतर. बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी केलेला आहे. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे. मापात ते १९ मिलिमीटरपेक्षा थोडे जास्त हवे. बाजूने पाहताना हा फरक कुणाला कळत नाही. इंजिनात बसून समोर बघितले की कळतो. आपल्या ड्रायव्हरच्या पुढ्यात जो रुंद, भक्कम रस्ता असतो, तो तिथे नव्हता. इंजिन अंगाने मोठे आणि वाट बारीक, असे काहीतरी परके दिसत होते.

सगळेच बदलणे शक्य नव्हते. गेज बदलायचे तर प्रत्येक फाटा आणि प्रत्येक चाक हाताने करावे लागले असते. ते आम्ही केले नाही. कर्जत ते लोणावळा हे २८ किलोमीटरचे अंतर मापात ३२० मीटरच्या वर जाते, आणि आमच्याकडे एक दालन होते. त्यामुळे काय सोडायचे आणि काय सोडायचे नाही हे ठरवावे लागले. अवघड वळणे बोगद्यांत ढकलली, म्हणजे उजेडात येईपर्यंत गाडी सरळ झालेली असे. रुळाच्या दोन्ही बाजूंची खडी रुंद पसरली, त्यामुळे वाट भरदार दिसू लागली. सगळे सांधे कानसने घासून पुन्हा सोल्डर केले. कॅमेरा तीन-चार अंश खाली झुकवला, म्हणजे छताचे दिवे चित्रात येणार नाहीत. दालनातले मंद करता येणारे एलईडी दिवे काढले, कारण त्यांची लुकलुक डोळ्याला दिसत नसली तरी कॅमेऱ्याला आडव्या पट्ट्यांसारखी दिसते.

या टप्प्यावर प्रदर्शनाच्या लोकांनी घाटात नोकरी केलेल्या एका निवृत्त ड्रायव्हरकाकांना बोलावले. ते आले, लेआउटभोवती एक फेरी मारली, “छान केलंय हो ताई,” म्हणाले. आलेले सगळेच तसे म्हणत. मग आम्ही त्यांना पडद्यासमोर बसवले आणि गाडी सोडली.

काही क्षणांतच त्यांचे बोलणे थांबले आणि अंग पुढे झुकले. पहिला सिग्नल दिसताच ते मोठ्याने म्हणाले, “डबल येलो.” आमच्यापैकी कुणी काही विचारले नव्हते. रेल्वेत ड्रायव्हर आणि असिस्टंट दोघांनी सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगायचा असतो, एकाची नजर चुकली तर दुसऱ्याची असावी म्हणून. ती सवय त्यांच्या जिभेवर होती आणि आमच्या ३४ मिलिमीटर उंचीच्या चित्राने ती जागी केली. पुढचा सिग्नल आला आणि ते गप्प राहिले. तो वळणामागे होता, दिसला तेव्हा गाडी त्याच्याशी पोहोचलेली. “असा सिग्नल नसतो ताई,” ते म्हणाले. “तो लांबून दिसायला पाहिजे. मला तयारी करायला वेळ नको का?” बोगद्यातून जाताना त्यांनी विचारले, “कोनाडे कुठे आहेत? गाडी आली तर गँगमन उभा कुठे राहणार?” फाटकाआधी त्यांना ‘सी/फा’ लिहिलेली शिट्टीची पाटी हवी होती, ती नव्हती. आणि उतारावर गाडी आली तेव्हा ते खुर्चीत मागे रेलले. “हळू. घाट आहे हा. एवढा वेग कोण देईल?”

वेग मी बाजूने बघून ठरवला होता. बाजूने बघताना ताशी शंभर किलोमीटरची गाडी म्हणजे सेकंदाला ३२ सेंटीमीटर. टेबलावर ती रमतगमत चाललेली वाटते. ताशी ३० म्हणजे सेकंदाला १० सेंटीमीटरही नाही, आणि उभ्या प्रेक्षकाला ती कंटाळवाणी होईल अशी आमची भीती. केबिनमधून मात्र १० सेंटीमीटर हाच घाटाचा वेग वाटतो. त्यांनी स्वतः बटण हातात घेतले, गाडी इतकी सावकाश उतरवली की बोगद्याच्या तोंडाचा उजेड एका ठिपक्यापासून हळूहळू मोठा होत गेला, आणि बाहेर पडताना कॅमेऱ्याचे डोळे क्षणभर दिपले. “हे बरोबर,” ते म्हणाले. “आमचंही असंच व्हायचं.” घाट उतरताना गाडी थांबवून ब्रेक तपासतात, गाडी काबूत नसेल तर तिला चढावरच्या आंधळ्या रुळावर घालायला कॅच सायडिंग असते, हे त्यांनी मग सविस्तर सांगितले. आमच्या लेआउटवर कॅच सायडिंग होती, शोभेची. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही तिचा फाटा मुळात सायडिंगकडेच लावलेला ठेवला. गाडी थांबली, थोडा वेळ गेला, की मगच मुख्य मार्ग जुळतो. मुलाच्या हाती बटण असताना तो थांबला नाही, तर गाडी चढाच्या रुळावर जाऊन आपोआप थांबते. घाटात माणसे जिवंत का राहतात, हे त्या एका फाट्यात कळते.

बोगद्याच्या भिंतीत मी कोनाडे कोरले. एकात दिवा घेऊन उभा असलेला गँगमन ठेवला. काचेपलीकडून तो कधीच कुणाला दिसणार नाही. पडद्यावर तो पाऊण सेकंद दिसतो. मुले तो बघायला पुन्हा पुन्हा गाडी सोडतात आणि एकदा दिसला की पुढच्या वेळी त्याच्याजवळ आल्यावर वेग आपोआप कमी करतात. त्यांना तसे कुणी सांगितलेले नाही. वरून बघताना जी मुले गाडी जोरात पळवायचा हट्ट धरतात, तीच मुले केबिनच्या पडद्यासमोर सावकाश जातात, सिग्नल शोधतात, फाटकाआधी शिट्टीचे बटण दाबतात. वरून गाडी हे खेळणे असते. ३४ मिलिमीटरवरून ती एक जबाबदारी होते, आणि सात-आठ वर्षांच्या मुलालाही ती जाणवते. या कामातले मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

त्यानंतर माझी कामाची रीत बदलली. आता रूळ अंथरले की डोंगर, झाडे, रंग यांच्या आधी मी एका साध्या वाघिणीवर कॅमेरा बसवून ती सगळ्या मार्गावरून फिरवते. सांधा कुठे उडतो, सिग्नल कुठून दिसतो, बोगद्याच्या आत काय दिसते, हे प्लास्टर लागण्याआधी कळते, आणि प्लास्टर लागल्यानंतर कळण्यापेक्षा ते फार स्वस्त पडते. मॉडेल रेल्वे करणाऱ्या प्रत्येकाला मी हे आग्रहाने सांगते. कॅमेरा महाग नाही, बसवायला अवघड आहे पण अशक्य नाही, आणि शेवटी मिळणाऱ्या चित्रापेक्षाही आधी मिळणारी तपासणी जास्त मोलाची आहे. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: सिग्नल पक्के करण्याआधी त्या मार्गावर गाडी चालवलेल्या माणसाला बोलवा आणि त्याला पडद्यासमोर बसवा. लेआउट दाखवला तर तो कौतुक करेल. केबिनमधले दृश्य दाखवले तर तो काम करू लागेल, आणि तो कुठे बोलतो, कुठे गप्प होतो, कुठे मागे रेलतो, यावरून तुमचा घाट किती खरा आहे ते तुम्हाला समजेल.